तेरा वर्षांची वर्गणी

आमच्या घरात १४ एप्रिल १९४४ची गोष्ट दोघं जण सांगत. आजोबा जहाजाची आणि सोन्याची सांगत, आजी तळमजल्यावरच्या वहिनींची. आजोबांची गोष्ट एका संध्याकाळीत संपायची. आजीची संपायला तेरा वर्षं लागायची, आणि ती रोज थोडीथोडी, तांदूळ निवडताना सांगितली जायची.

आजोबा मशीद बंदरला एका पेढीवर कारकून होते. युद्धाचे दिवस. १२ एप्रिलला ‘फोर्ट स्टिकीन’ नावाचं जहाज व्हिक्टोरिया गोदीत येऊन लागलं होतं. त्याच्या पोटात सुमारे चौदाशे टन दारूगोळा होता, आणि कराचीला त्याच जहाजात कापसाच्या हजारो गासड्या चढवल्या होत्या. लाकूड, गंधक, तेलाची पिंपंही होती. दारूगोळा घेऊन आलेल्या जहाजाने लाल बावटा लावायचा असतो, तो लावलेला नव्हता. शुक्रवारी दुपारी, जेवणाची सुट्टी संपत आली तेव्हा, दोन नंबरच्या खणातून धूर दिसला. बंब आले. पाइप आत सोडले. नऊशे टनांहून जास्त पाणी ओतलं, तरी कापूस आतून धुमसतच राहिला. जहाजाची लोखंडी कूस तापून लाल झाली होती, असं आजोबा सांगत. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाने दुसरा. सिमल्याच्या वेधशाळेतल्या भूकंपमापकावर त्याची नोंद झाली.

आजोबा पेढीच्या जिन्याखाली होते, म्हणून वाचले. बाहेर आले तेव्हा मांडवीच्या बाजूला आभाळ दिसत नव्हतं. जळता कापूस हवेतून येऊन छपरांवर पडत होता. धान्याच्या वखारी पेटल्या होत्या. त्या जहाजात सोन्याच्या विटांच्या पेट्या होत्या आणि स्फोटाने त्या शहरभर उडाल्या, हे सांगताना आजोबांचे डोळे मोठे व्हायचे. गोदीपासून मैलभर लांब एका मोतीवाला नावाच्या पारशी गृहस्थांच्या घराचं छप्पर फोडून एक वीट व्हरांड्यात येऊन पडली. त्यांनी ती सरकारजमा केली. त्याबद्दल ९९९ रुपयांचं बक्षीस मिळालं, तेही त्यांनी स्फोटात पोळलेल्यांच्या मदतनिधीला देऊन टाकलं. ही हकिगत पुढे पुस्तकांतही आली. आजोबा मात्र ती सांगून झाल्यावर एवढंच म्हणत, “देणाऱ्याने दिलं. पण ते कुणाच्या चुलीपर्यंत पोचलं, हे कोण बघतो?” आणि मग आजीकडे बघत. पुढची गोष्ट तिची होती.

त्या दुपारी अग्निशमन दलाची ६६ माणसं गेली. एकूण मृतांचा हिशेब हजाराच्या आसपास होतो. त्यांतले बहुतेक गोदीतले हमाल, खलाशी, आजूबाजूच्या वस्तीतले लोक. पण हे ६६ जण वेगळे होते, कारण तिथून पळणाऱ्यांच्या उलट दिशेने ते आत गेले होते. जहाजात काय भरलंय हे त्यांच्या वरिष्ठांना पोचल्यावर कळलं होतं. तरी नोझल धरून माणसं धक्क्यावर आणि डेकवर उभी राहिली.

युद्धामुळे बातम्यांवर सेन्सॉर होता. मुंबईत एवढा हाहाकार झाला हे जगाला पहिल्यांदा सांगितलं ते जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने. इथल्या सरकारने सविस्तर बातमी बाहेर जाऊ दिली ती मे महिन्यात. मला या गोष्टीचा फार विचार करावासा वाटतो. देशभर आवाहन नाही, वर्तमानपत्रात रोजच्या रोज फोटो नाहीत, हुतात्म्यांच्या नावांच्या याद्या चौकाचौकांत नाहीत. मग त्या ६६ घरांकडे पहिल्यांदा कोण गेलं असेल? शेजारी. दुसरं कोण जाणार होतं?

वहिनी आमच्या चाळीत आल्या त्या जूनमध्ये, पहिल्या पावसात. त्यांचे यजमान फायरमन होते आणि बिऱ्हाड दलाच्याच क्वार्टरमध्ये होतं. माणूस गेला की क्वार्टर जातं. वहिनींचा भाऊ आमच्या चाळीत तळमजल्यावर राहायचा, भायखळ्याच्या एका गिरणीत होता. त्याच्या दहा बाय बाराच्या खोलीत त्या पाच वर्षांचा मुलगा, दोन वर्षांची मुलगी आणि एक पत्र्याची ट्रंक घेऊन आल्या. “ट्रंकेत काय होतं माहीत आहे?” आजी विचारायची आणि स्वतःच उत्तर द्यायची, “त्याचा खाकी डगला. धुतलेला. इस्त्रीचा.”

यजमानांचा देह मिळाला नव्हता. ओळख पटण्यासारखं काही उरलंच नव्हतं. त्यामुळे वहिनींनी कुंकू पुसलं नव्हतं. कचेरीत गेलं की मृत्यूचा दाखला मागत, आणि दाखल्यासाठी दुसऱ्या कचेरीत गेलं की देहाविषयी विचारत. वहिनींना सही येत नव्हती. त्या कपाळावर कुंकू लावून विधवेच्या पैशासाठी रांगेत उभ्या राहत आणि लोक बघत. आजी हे सांगायची तेव्हा तिचा हात सुपातच थांबायचा. “त्यात काय चुकलं तिचं?” असं ती विचारायची, जणू मीच त्या रांगेत मागे उभी राहून कुजबुजत होते.

शेवटी आजोबा त्यांच्याबरोबर जाऊ लागले. पेढीवरून अर्ध्या दिवसाची रजा काढायची, अर्ज लिहायचा, कोणत्या खिडकीवर द्यायचा ते बघायचं, पोच घ्यायची. वर्षभर हे चाललं. जे मिळायचं ते मिळालं, उशिरा आणि तुकड्यातुकड्याने. आजोबांनी आयुष्यात कुणाला मोठी देणगी दिली नाही, तेवढी ऐपतच नव्हती. पण अर्जाच्या मागे लागणारा माणूस हीसुद्धा देणगीच असते, हे मला त्यांच्यामुळे कळलं. पुढे मी बँकेत तीस वर्षांच्या आसपास नोकरी केली तेव्हा तर ते रोज दिसत राहिलं.

चाळीची बैठक त्याच पावसाळ्यात झाली. चाळीस खोल्या. ठरलं असं की दर महिन्याला खोलीमागे चार आणे. म्हणजे दहा रुपये. आजोबा वही ठेवणार. दुसऱ्या दिवशी आजोबा खाली सांगायला गेले तर वहिनींनी दार पुढे लोटलं आणि आतून म्हणाल्या, “भावोजी, मी कुणाच्या दारात मागायला आले नाही.” आजोबा गप्प वर आले. पैसे टिनच्या डब्यात तसेच राहिले.

यातून वाट काढली ती आजीने. तिला दोन गोष्टी कळल्या होत्या. एक, वहिनींच्या हाताला चव होती. दुसरी, चाळीत आणि आसपास एकटे राहणारे गिरणी कामगार भरपूर होते, ज्यांची कुटुंबं कोकणात किंवा घाटावर. आजीने चार गडी गाठले आणि वहिनींकडे पाठवले, “आमची जेवणाची आबाळ होते, आम्हाला डबा द्याल का?” असं विचारायला. मुंबईत १९४३पासून रेशन सुरू होतं. गडी आपापल्या वाट्याचं धान्य आणून देत आणि वर महिन्याचे पैसे. चाराचे अकरा झाले. भावाच्या खोलीच्या कोपऱ्यात खानावळ उभी राहिली. गिरणगावात अशा कितीतरी खानावळी बायांनी चालवल्या, नवरा गेलेल्या, टाकलेल्या, आजारी नवऱ्याला पोसणाऱ्या. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ काढलं तेव्हा पहिल्यांदा कुणी त्या बायांच्या घामाची नीट मोजणी केली.

खानावळ चालू लागली तेव्हा आजी खाली गेली आणि म्हणाली, “चूल तुझी. तिच्यात आम्ही हात घालणार नाही. पण पोरांची शाळा चाळीची. बाप आगीत गेला तो काही फक्त तुझ्यासाठी गेला नाही.” वहिनी बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “मग वहीत लिहा. कुणी किती दिले ते मला कळलं पाहिजे.”

ती वही मी पाहिली आहे. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची, पेढीवरच्या वहीसारखी. डावीकडे खोली नंबर, मग नाव, मग महिने. बहुतेक घरांत चार आणे, काही ठिकाणी दोन, एका ठिकाणी सलग कितीतरी महिने एक आणा. खर्चाच्या बाजूला फी, पाट्या, पुस्तकं, गणवेशाचं कापड, एकदा ‘मुलीस देवी टोचणे, व्हिक्टोरिया भाडे’. १९५०च्या गिरणी संपात, दोन महिने, रकाने कोरे आहेत. आणि मग दिवाळीनंतरच्या पानावर आजोबांच्या अक्षरात ‘मागील बाकी’ असं लिहून ते एकेक करून भरलेले आहेत. संपात ज्यांच्या घरी भांडी विकली गेली त्यांनी नंतर मागची बाकी आणून दिली. कुणी मागितली नव्हती.

शेवटची पानं १९५७ची आहेत. त्या वर्षी १ एप्रिलला नये पैसे आले, म्हणून शेवटच्या रकान्यांत चार आण्यांऐवजी ‘२५ न.पै.’ आहे. जूनमध्ये मुलगा मॅट्रिक झाला आणि टपाल खात्यात लागला. वहिनींनी चाळीला शिरा केला. वही बंद झाली.

तेरा वर्षांत चाळीच्या त्या डब्यातून गेलेली एकूण रक्कम कुणाही श्रीमंत माणसाने एका धनादेशात दिली असती. पण तशी ती कुणी दिली असती तर ती १९४४मध्येच संपली असती, भावाच्या कर्जात, गावच्या घराच्या कौलांत, कुणाच्यातरी लग्नात. मुलगा मॅट्रिकला बसला तो दर महिन्याच्या चार आण्यांवर. कर्तव्यावर गेलेल्या बंबवाल्यांच्या आणि पोलिसांच्या घरांना मदत कशी करावी, यावर मला जे म्हणायचं आहे ते एवढंच आहे, आणि पुढे जे लिहिते ते या वहीच्या उजेडातच लिहिते.

मुंबईत आग विझवणं हे फार पूर्वी पोलिसांचंच काम होतं. घोड्यांनी ओढायचे बंब पोलिसांच्या ताब्यात असत. १८८७ साली ते काम महापालिकेकडे गेलं आणि दोन खाती वेगळी झाली. घरातल्या माणसांच्या दृष्टीने ती कधीच फारशी वेगळी नव्हती. रात्री-अपरात्री बोलावणं, सणाला घरी नसणं, सरकारी खोली, आणि माणूस गेल्यावर ती खोली सोडण्याची घाई. पण लोकांच्या मनात मात्र दोघांत फार अंतर आहे, हे मला आत्याने शिकवलं.

आत्याचे यजमान पोलीस खात्यात हवालदार. ती नायगावच्या पोलीस लाइनीत तीस-पस्तीस वर्षं राहिली. तिच्या काळात २१ ऑक्टोबर हा दिवस लाइनीत कडक पाळला जाई. १९५९ साली याच दिवशी लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्जजवळ चिनी सैन्याच्या गोळीबारात आपले दहा पोलीस मारले गेले होते. तो पोलीस स्मृतिदिन. सकाळी मैदानावर परेड, वर्षभरात देशात कर्तव्यावर गेलेल्यांची नावं वाचली जात. आत्या खिडकीतून ऐकायची. “नावं लांबची असायची गं, पंजाब, आसाम. पण मधेच एखादं आपल्यातलं यायचं आणि लाइन गप्प व्हायची.”

तिच्या समोरच्या खोलीतला शिपाई गेला तो मोर्चाच्या बंदोबस्तावरून परतताना, ट्रकखाली. गोळी लागली नव्हती, दंगल झाली नव्हती. त्यामुळे वर्तमानपत्रात दोन ओळी. सांत्वनाला साहेब आले, हार आला, आणि महिन्याभरात खोलीची विचारणा सुरू झाली. आत्या त्या वेळी जे म्हणाली ते मी विसरलेले नाही: “बंबवाला गेला की गाव रडतं. हवालदार गेला की नुसती लाइन रडते.”

यात लोकांचा दोष आहे असं मी म्हणणार नाही. बंबवाला दारात येतो तो वाचवायला. पोलीस कधी वाचवायला येतो, कधी लाठी घेऊन. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत आमच्या चाळीनेच गोळीबार पाहिला होता आणि आजोबा त्या मोर्चांत होते. खाकीविषयीचा राग खरा होता. पण तो राग शिपायाच्या पोरांच्या फीमध्ये का यावा? त्या लाइनीतल्या बायकांनी हा प्रश्न बाहेर कुणाला विचारला नाही. पगाराच्या दिवशी खोलीमागे एक रुपया काढायला सुरुवात केली आणि समोरच्या मुलींना शाळेतून काढू दिलं नाही. नवऱ्यांना सांगितलं ते नंतर.

त्या ट्रकखालच्या मरणाने मला आणखी एक गोष्ट दाखवली. सरकारी नियमात मरणाच्या पायऱ्या असतात. चकमकीत गेला तर एक रक्कम, कर्तव्यावर अपघातात गेला तर दुसरी, कर्तव्य संपवून घरी येताना गेला तर वादच. नियमाला कुठेतरी रेघ मारावी लागते हे खरं. पण चूल त्या रेघेच्या अलीकडे आहे की पलीकडे, यावर तिची भूक बदलत नाही. १ मे २०१९ला, महाराष्ट्र दिनी, गडचिरोलीत कुरखेडा तालुक्यात जांभूळखेड्याजवळ नक्षलवाद्यांनी भूसुरुंग लावून शीघ्र कृती दलाचे १५ जवान मारले. त्यांच्या गाडीचा चालक खासगी होता. तोही त्याच स्फोटात, त्याच क्षणी गेला. तो पोलीस नव्हता. माझ्या मते समाजाची मदत पहिल्यांदा अशा दारात गेली पाहिजे, जिथे नियमाची रेघ दाराच्या पलीकडून जाते.

२००८च्या नोव्हेंबरात मुंबईवर जो दहशतवादी हल्ला झाला त्याने आत्याचं वाक्य काही काळ तरी खोटं ठरवलं. हेमंत करकरे, अशोक कामटे, विजय साळसकर या पोलीस अधिकाऱ्यांसाठी रस्त्यावर उतरलेली गर्दी तिने टीव्हीवर पाहिली आणि ती रडली. तुकाराम ओंबळे यांच्यासाठी जास्त रडली, कारण ते तिच्या लाइनीतल्या माणसांसारखे होते. सातारा जिल्ह्यातल्या केडंबे गावचे, आधी लष्करात, मग पोलिसांत. गिरगाव चौपाटीवर हातात फक्त लाठी असताना त्यांनी हल्लेखोर कसाबच्या बंदुकीची नळी धरली आणि गोळ्या अंगावर घेतल्या, म्हणून तो जिवंत सापडला. २६ जानेवारी २००९ला या चौघांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं.

तेव्हा मदतीचा पूर आला, आणि तो मनापासून आला होता. शाळकरी मुलांनी खाऊचे पैसे पाठवले. टाटांनी डिसेंबर २००८मध्येच ‘ताज पब्लिक सर्व्हिस वेलफेअर ट्रस्ट’ स्थापन केला. त्याचा मला आदर वाटतो तो एका कारणासाठी: हल्ला झालेल्या आपल्या ताज हॉटेलच्या नोकरांपुरतं न पाहता पोलीस, जवान आणि रस्त्यावरचे सामान्य बळी या सगळ्यांचा विचार त्यात झाला, आणि पुढेही चालू राहण्यासाठी कायमची संस्था उभी केली.

याच काळात एका घराने आपल्याला दाखवून दिलं की गेलेल्याच्या माणसांना पैशाआधी आणखी काहीतरी हवं असतं. विनीता कामटे यांना आपला नवरा रंगभवनच्या गल्लीत नेमका कसा गेला, मदत का पोचली नाही, हे जाणून घ्यायचं होतं. त्यांनी माहितीच्या अधिकारात कंट्रोल रूमच्या नोंदी मागितल्या, वाचल्या आणि त्यावर ‘टू द लास्ट बुलेट’ हे पुस्तक सिद्ध केलं. वहिनींना १९४४मध्ये हेच हवं होतं. माझा माणूस कुठे उभा होता, त्याच्या हातात काय होतं, त्याला कुणी सांगितलं होतं का की जहाजात बारूद आहे? त्यांना हे सांगणारं कुणी भेटलं नाही. शेवटपर्यंत त्या गोदीतल्या प्रत्येक माणसाला विचारत राहिल्या.

मी बँकेत होते तेव्हा आमच्या शाखेत कर्तव्यावर गेलेल्या एका जवानाच्या पत्नीचं खातं होतं. मदतीची सगळी रक्कम तिच्या नावावर आली, एकदम. ती पंचविशीचीही नव्हती. पहिल्या महिन्यात तिच्याबरोबर बँकेत येणारे नातेवाईक मोजायला बोटं पुरत नव्हती. कुणी प्लॉट सुचवत होतं, कुणी दुप्पट करून देतो म्हणत होतं, दिराला टेम्पो घ्यायचा होता, सासूला वाटत होतं की मुलगा आमचा, पैसा आमचा. त्या मुलीला अजून आपण नेमकं काय गमावलंय तेच कळत नव्हतं. आणि एक दिवस ती एकटी आली, काउंटरवर पासबुक ठेवलं आणि विचारलं, “मॅडम, यातलं माझ्या बाळाचं किती?”

त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला कायद्यात तरतूद असते, बँकेत योजना असते, पण तिच्या बाजूला बसून ते समजावून सांगणारं माणूस बहुतेक वेळा नसतं. पोलिसांच्या पगारखात्याबरोबर बऱ्याच बँका अपघात विमा देतात. तो आहे हेच कितीतरी घरांना ठाऊक नसतं, आणि दाव्याची मुदत निघून जाते. अनुकंपा तत्त्वावरच्या नोकरीची प्रतीक्षायादी लांब असते. मुलं लहान असतील तर ती सज्ञान झाल्यावर ठरावीक मुदतीत अर्ज करावा लागतो, आणि तोपर्यंत घरात कुणालाही ती तारीख आठवत नाही. वारस दाखला, निवृत्तिवेतनाचे कागद, नावातली एक वेलांटी वेगळी असल्यामुळे अडलेली फाईल. हे सगळं पहिल्या तेरा दिवसांत होत नाही. तोवर घर माणसांनी भरलेलं असतं. हे होतं तिसऱ्या वर्षी, सातव्या वर्षी, जेव्हा फ्लेक्सवरचा फोटो उन्हाने पांढरा झालेला असतो.

९ मे २०१५ला काळबादेवीत जुन्या हनुमान गल्लीतल्या गोकुळ निवास इमारतीला आग लागली. तिथे अग्निशमन दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर स्वतः आत होते. त्यांच्याबरोबर सुधीर अमीन, संजय राणे, महेंद्र देसाई. इमारत कोसळली. राणे आणि देसाई ढिगाऱ्याखाली गेले, अमीन आणि नेसरीकर भाजलेल्या जखमांनी पुढच्या पंधरवड्यात. मुंबईच्या अग्निशमन दलाने एकाच आगीत इतके वरचे अधिकारी गमावल्याचं आमच्या पिढीने पाहिलं नव्हतं. तोवर आजी नव्हती. असती तर तिने पहिला प्रश्न हाच विचारला असता, की त्यांच्या मुलांची शाळा कोणती, आणि आता तिथपर्यंत कोण जातं?

आणि हेही सांगायला हवं की आगीत किंवा गोळीने गेलेल्यांपुरता हा विषय नाही. १ नोव्हेंबर २०१८ला कल्याणमध्ये विहिरीतल्या विषारी वायूने आधी तीन माणसं गेली आणि त्यांना काढायला उतरलेले अग्निशमन दलाचे दोन जवानही गेले. करोनाच्या दिवसांत बंदोबस्तावरच्या पोलिसांनी तर रोगच घरी नेला. राज्य सरकारने तेव्हा पन्नास लाखांचं सानुग्रह अनुदान जाहीर केलं, ते योग्यच झालं. पण त्या घरांतली मुलं आता कुठे बारावीला, कुठे डिप्लोमाला आहेत. त्यांची वही कोण लिहितंय?

द्यायचं असेल तर कुठे द्यावं, हे लोक मला विचारतात. केंद्रीय सुरक्षा दलांच्या हुतात्म्यांसाठी २०१७पासून ‘भारत के वीर’ आहे. तिथे दिलेली रक्कम थेट त्या घराच्या खात्यात जाते, आणि एका घराला पंधरा लाखांची मर्यादा ठेवली आहे, म्हणजे ज्याचं नाव गाजलं त्याच्याकडेच सगळं वाहून जाऊ नये. ही मर्यादा मला फार शहाणपणाची वाटते. पण तो निधी राज्याच्या पोलिसांसाठी किंवा बंबवाल्यांसाठी नाही. पोलिसांसाठी प्रत्येक जिल्ह्याच्या मुख्यालयात कल्याण शाखा असते. तिथे जाऊन विचारा की कुणाच्या मुलांची फी अडली आहे. अग्निशमन सेवेचा सप्ताह १४ ते २० एप्रिल असतो, त्याच ६६ जणांच्या स्मरणार्थ. त्या दिवसांत छातीवर लहानसा ध्वज टाचून निधी गोळा करतात. ध्वज घ्या, पैसे द्या, पण तेवढ्यावर थांबू नका. कोणत्याही नावाने फोनवर पैसे मागणाऱ्याला देऊ नका. पावती आणि खातं पाहून द्या.

आणि एकदाच मोठी रक्कम देण्यापेक्षा दर महिन्याला लहान द्या, एका घराला, एका मुलाला, त्याचं शिक्षण संपेपर्यंत. तुमच्या सोसायटीत चाळीस घरं असतील तर घरामागे शंभर रुपये फार नाहीत. त्या घराला विचारल्याशिवाय काही देऊ नका, आणि दिलेलं लिहून ठेवा, त्यांना दाखवा. तुम्ही निवृत्त कारकून असाल, बँकेत, टपालात, तहसीलीत काम केलं असेल, तर तुमच्याजवळ पैशाहून मोठी वस्तू आहे: तुम्हाला खिडक्या ठाऊक आहेत. शिक्षक असाल तर आठवड्यातून दोन संध्याकाळी त्या लाइनीत जाऊन बसा. पुढच्या सोमवारी घराजवळच्या अग्निशमन केंद्रात जा आणि विचारा की गेल्या दहा वर्षांत तुमच्यातलं कोण गेलं, आणि त्याचं घर आता कुठे राहतं.